पोकलेन-डंपरवर चढून काम करताय? पडू नये म्हणून नव्या मेकॅनिकनं काय काय पाहावं

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा फिटर होऊन एखाद्या खाणीवर, खडी क्रशरवर किंवा रस्त्याच्या साइटवर नव्यानं लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात बरंच काही सांगितलं जातं. ग्रीस कुठं कुठं मारायचं, फिल्टर किती तासांनी बदलायचा, कोणत्या टाकीत कोणतं ऑईल. मशीनवर चढायचं कसं आणि उतरायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. चढायला काय, कुणालाही येतं, असा समज. आणि मशीनवरून पडणाऱ्यांत मोठा वाटा असतो तो नेमका चढता-उतरताना पडणाऱ्यांचा.

उंचीचा अंदाज आधी घ्या. वीस टनी पोकलेनची चेन जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असते आणि इंजिनाच्या बॉनेटवर उभे राहिलात की पाय सात-आठ फुटांवर. चंद्रपूर-वणी भागातल्या ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, चालणाऱ्या शंभर टनी डंपरचं नुसतं टायरच माणसाच्या डोक्याच्या वर जातं, डेक (वर उभं राहायचा पत्रा) त्याच्याही वर. सात फूट ऐकायला किरकोळ वाटतात. पण दोन मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंदही लागत नाही आणि जमिनीला टेकताना वेग ताशी बावीस-तेवीस किलोमीटर असतो. एवढ्या वेळात माणूस स्वतःला सावरू शकत नाही, फार तर हात पुढे करतो. म्हणून मनगटं मोडतात. पाठीवर पडला तर मणका आणि डोकं.

माझं सांगणं एकच आहे: पडायचं की नाही, याचा बराचसा निकाल वर चढण्याआधी जमिनीवरच लागतो. वर गेल्यावर सावध राहणं वगैरे ठीक आहे, पण हातात पाना, नाकात डिझेलचा वास आणि डोक्यात अडलेला नट असला की सावधपणा पहिल्यांदा उडतो. त्यामुळे या लेखात खालच्या तयारीवरच जास्त बोललो आहे.

आधी विचारा: वर जायची गरज आहे का?

मजेत म्हणत नाही. बूम-आर्मच्या पिनांना ग्रीस मारायला बूमवर चढणारे हेल्पर रोज दिसतात. ऑपरेटरला बूम खाली घ्यायला, बकेट जमिनीला टेकवायला सांगितलं, तर त्यातल्या कितीतरी निपल उभ्यानं हाताला येतात. पुष्कळ मशीनवर वरच्या पिनांसाठी ग्रीसच्या नळ्या खाली एका जागी आणून दिलेल्या असतात. त्या तुटल्या म्हणून कुणीतरी वर चढायला लागतं आणि मग तीच रीत पडते. नळी दुरुस्त करायला अर्धा दिवस जाईल, पण पुढची पाच वर्षं कुणाला वर जायला नको. जे काम खाली उतरवून करता येतं ते वर करू नये. अवजड पार्ट असेल तर चेनपुलीनं किंवा क्रेननं खाली घ्या आणि टेबलावर खोला. बूमची पिन घनानं ठोकून काढायची असेल तर बूम खाली, त्याला लाकडी स्लीपरचा आधार, आणि तुम्ही जमिनीवर. बूमवर उभं राहून घन फिरवणारा माणूस घनाबरोबर स्वतःही फिरतो.

मशीन गप्प करा

वर जायचंच ठरलं तर मशीन सपाट, टणक जागी उभं करून घ्या. काळ्या मातीत उभं केलेलं मशीन रात्रीतून एका बाजूला बसतं आणि सकाळी डेकला उतार आलेला असतो. बकेट, ब्लेड जे काही असेल ते जमिनीला टेकलेलं. डंपर असेल तर चाकांना ओट, म्हणजे अडवायचे ठोकळे. हौदा वर करून काम असेल तर हौद्याला त्याची सेफ्टी पिन किंवा सपोर्ट लागलाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

मग इंजिन बंद, आणि किल्ली तुमच्या खिशात. ऑपरेटरच्या नाही, सुपरवायझरच्या नाही, तुमच्या. बॅटरीचा मेन स्विच ऑफ, त्याला कुलूप लागत असेल तर कुलूप, आणि केबिनच्या दाराला पाटी: 'काम चालू आहे, मशीन चालू करू नये', खाली तुमचं नाव. याचा पडण्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा की तुम्ही वर असताना कुणी नुसतं 'बघू तर, चालू होतं का' म्हणून स्टार्टर मारला किंवा घर (पोकलेनचा वरचा फिरणारा भाग) जरासं फिरवलं, की वर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालचा डेक सरकतो. फूटभर हिसकासुद्धा पुरतो.

आता मशीनभोवती एक फेरी मारा आणि खाली बघा. पडलोच तर कशावर पडेन? बाजूला टाकलेली पहार, उभे सळईचे तुकडे, काढून ठेवलेलं ट्रॅकचं पॅड, दगड, ऑईलचा डबा. सगळं दोन-तीन मीटर लांब सारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सपाट मातीवर पडणं आणि पहारीच्या टोकावर पडणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

बूट, हात, खिसे

बुटाचा तळ पाहा. सेफ्टी शूज आहेत एवढ्यानं भागत नाही. तळाच्या खाचांत ग्रीस-माती बसून तो सपाट झाला असेल तर तो बूट तेलकट पत्र्यावर चप्पलेइतकाच घसरतो. पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी पहारीच्या किंवा दगडाच्या कडेवर तळ घासा, चिंधीनं पुसा. झिजलेला बूट बदलून मागायला लाजू नका.

हातमोजे कामानुसार. विणलेले सुती मोजे ऑईलनं भिजले की दांड्याला धरता धरता घसरतात. चढताना कोरडे, पकड असलेले मोजे किंवा कोरडे उघडे हात. उन्हाळ्यात मात्र उघडे हात चालत नाहीत. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो, दुपारी मशीनचं रेलिंग हाताला चटका देतं आणि मग माणूस रेलिंग न धरताच वर जातो. दुपारच्या पडण्यामागे हे कारण असतं हे लक्षातही येत नाही. म्हणून उन्हाळ्यात मोजे आणि शक्यतो वरचं काम सकाळी आटपायचं.

खिशात पाने, स्क्रू ड्रायव्हर कोंबून चढू नका. शर्टाच्या खिशातला मोबाईल वाकल्यावर निसटतो आणि तो पकडायला हात आपोआप पुढं जातो. मोबाईल खाली ठेवा.

चढणं आणि उतरणं

नियम साधा: दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन कायम मशीनला लागलेले हवेत. एका वेळी एकच हालतो. तोंड कायम मशीनकडे, चढतानाही आणि उतरतानाही. शिडीवरून जिन्यासारखं पाठ करून उतरणारे ऑपरेटर पुष्कळ दिसतील. त्यांना वर्षानुवर्षांची सवय असते, तुम्हाला नाही; आणि सवय असलेलेही पडतात.

आता यातली खरी अडचण. तीन जागी टेकायचं तर हातात काही असून चालत नाही. आणि मेकॅनिकच्या हातात नेहमीच काहीतरी असतं. एका हातात इंजिन ऑईलचा जुना फिल्टर, त्यातून ऑईल ठिबकतंय, दुसऱ्या हातानं दांडा धरलाय, आणि पाय खालची पायरी चाचपतोय. फिल्टर सांडू नये म्हणून मनगट सरळ ठेवायची धडपड चालली आहे, म्हणजे लक्ष पायाकडं नाहीच. ऑईलचा एक थेंब पायरीवर पडतो. पुढचा पाय त्याच पायरीवर येतो. मशीनवरून पडण्याची मला माहीत असलेली सगळ्यात नेहमीची तऱ्हा हीच.

उपाय अगदी जुना आहे: दोरी आणि बादली. दहा-बारा फुटांची मजबूत दोरी आणि मोठी प्लास्टिकची किंवा कॅनव्हासची बादली स्वतःच्या टूलबॉक्समध्येच ठेवा. रिकाम्या हातांनी वर जा, वर नीट उभे राहा किंवा बसा, मग खालचा माणूस बादलीत पाने, नवा फिल्टर, चिंध्या घालेल आणि तुम्ही वर ओढा. काम झालं की तशीच खाली सोडा. बादली ओढताना कडेला वाकून उभं राहू नका, बसून ओढा. वीस किलोच्या वरचं काही असेल तर बादली नाही, क्रेन.

पायऱ्यांबद्दल आणखी थोडं. सगळ्यात खालची पायरी पुष्कळ मशीनवर रबराला किंवा केबलला लोंबकळत असते, कारण पक्की असती तर दगडाला लागून मोडली असती. आणि तरी ती मोडलेलीच असते. मग जमीन ते दुसरी पायरी हे अंतर एवढं होतं की उतरताना माणूस शेवटी उडीच मारतो. उडी मारायची नाही. केबिनमधून, चेनवरून, टायरवरून, कुठूनच नाही. खाली दगड, खड्डा किंवा चिखल असला की घोटा मुरगळतो, गुडघा जातो, आणि हे 'किरकोळ' दुखणं तुम्हाला महिनाभर घरी बसवतं. मोडलेली पायरी दिसली की डिफेक्ट शीटवर लिहा आणि तोवर एक मजबूत स्टूल किंवा पायरी तिथं लावून ठेवा.

धरण्यासाठी फक्त दांडे आणि रेलिंग. आरशाची दांडी, होज, वायरिंगचा पाइप, दाराचं हँडल, केबिनमधलं जॉयस्टिक, यातलं काहीही वजन घ्यायला बनवलेलं नाही. दार तर उघडं असताना स्वतःच झुलतं. चेनवरून चढायचं झालं तर पॅडमधला चिखल खरवडा आणि पाय पॅडच्या मध्यावर ठेवा, कडेवर नाही.

वर गेल्यावर: तुमचं अंग कुठं जाईल?

इथं जरा थांबून वाचा, कारण हे पुस्तकात फारसं सापडत नाही.

पोकलेनच्या काउंटर वेटजवळ उभं राहून तुम्ही एक गंजलेला बोल्ट सोडवताय, असं समजा. रिंग पाना लावलाय, दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढताय. पाठ मशीनच्या बाहेरच्या बाजूला. बोल्ट हलत नाही, म्हणून जोर वाढवता, पाय डेकच्या कडेला रोवता, अंग मागे झोकता. आणि बोल्ट एकदम सुटतो, किंवा पाना घसरतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर सोडला की जे होतं तेच. सगळी ताकद तुम्ही मागे लावलेली असते आणि मागे काहीच नसतं.

कार्यशाळेत सगळे शिकवतात की पाना ओढावा, ढकलू नये, बोटं ठेचतात. खाली उभं असताना ते बरोबर आहे. वर मात्र पहिला प्रश्न वेगळा: हा नट आत्ता सुटला तर माझं अंग कुठल्या दिशेला जाईल? उत्तर 'बाहेर' असेल तर जागा बदला. पाठ इंजिनाकडे किंवा बूमकडे येईल असे उभे राहा. ते जमत नसेल तर रिंग पाना काढून दुसऱ्या खाचेत लावा, म्हणजे ओढ कडेला समांतर येईल. तेही नाही जमलं तर गुडघ्यावर बसा. बसलेला माणूस कमी अंतर जातो. आणि पान्याला पाइप घालून लांबी वाढवणं उंचावर करायचंच नाही. अडलेल्या नटाला आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं ऑईल मारून ठेवा, लागेल तर गरम करा, इम्पॅक्ट गन मिळत असेल तर ती वापरा. हाडं झिजवण्यापेक्षा रात्रभर वाट पाहिलेली परवडते.

हेच पहारीचं. पहार घालून एखादा पार्ट हलवताना तो सुटला की पहार आणि तुम्ही दोघेही पुढं जाता. पुढं काय आहे ते बघून ठेवा.

आणि पायाखालचा पत्रा. ऑईल, डिझेल, कूलंट काही सांडलं की काम तिथंच थांबवा, पुसा, वर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, मग पुढं. 'शेवटी एकदाच पुसू' म्हणणारा शेवटपर्यंत तेलावरच नाचत असतो. काढलेले पाने, बोल्ट चालायच्या वाटेत नकोत, बादलीत टाका. डेकवरची जाळी किंवा कव्हर काढलं असेल तर त्या भोकावर काहीतरी झाका, किंवा निदान भोवती लाल रिबन तरी बांधा. स्वतः काढलेल्या कव्हरच्या भोकात मागे सरकताना पाय जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. वर्कशॉपमधल्या गाडी तपासायच्या खड्ड्याचंही तेच: वापरात नसेल तेव्हा त्यावर फळ्या हव्यात.

दचकणं

पुष्कळ माणसं घसरून पडतच नाहीत, दचकून पडतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली, माणूस मागे उडाला. हायड्रॉलिक होज सोडवला, आत प्रेशर उरलं होतं, ऑईलचा फवारा छातीवर. सायलेन्सरला कोपर लागलं. बॅटरीच्या टर्मिनलला पाना लागून ठिणगी उडाली. वेल्डिंगचा हलका झटका. बाहेर कुणीतरी हॉर्न दिला. आणि पावसाळ्यात महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या मशीनच्या बॉनेटखाली गांधीलमाश्यांचं पोळं, हे खरोखर होतं. बॉनेट उघडण्याआधी पत्र्यावर बाहेरून दोनदा थाप मारून थोडं थांबा.

हे सगळं टाळता येतं ते अर्थातच आधी. इंजिन थंड होऊ द्या. इंजिन बंद केल्यावर लीव्हर सगळ्या दिशांना हलवून प्रेशर काढा आणि टाकीचं ब्रीदर दाबून हवा सोडा. मॅन्युअलमध्ये तुमच्या मशीनची पद्धत दिलेली असते, ती वाचा. होज एकदम काढू नका, एक-दोन आटे सैल करून थांबा. आणि असं काहीही उघडताना पुन्हा तोच प्रश्न: आत्ता मी दचकलो तर मागे काय आहे?

शिडी, आणि शिडीच्या जागी काय काय

साइटवर शिडी नसते आणि ऑईलचा दोनशे लिटरचा ड्रम असतो, म्हणून ड्रमवर उभं राहतात. रिकामा ड्रम आडवा होतो, भरलेला ड्रम कलला की आवरत नाही. जॅकवर ठेवलेली फळी, एकावर एक रचलेले टायर, लोडरच्या बकेटमध्ये माणसाला बसवून वर करणं, फोर्कलिफ्टच्या काट्यांवर पॅलेट, हे सगळं बंद. लोडरची बकेट माती उचलायला आहे. ऑपरेटर कितीही कुशल असला, तरी एक लीव्हर जरा जास्त दाबला गेला की बकेट कलते.

टेकवायची शिडी असेल तर चार वर एक: शिडी चार मीटर उंचीवर टेकत असेल तर तिचं बूड भिंतीपासून किंवा मशीनपासून एक मीटर लांब. वरचं टोक डेकच्या एक मीटर वर आलेलं, म्हणजे उतरता-चढताना धरायला काहीतरी असतं. वरती दोरीनं बांधा. बांधेपर्यंत खाली कुणीतरी धरून उभं राहील. बांबूची, खिळ्यांनी जोडलेली शिडी नको. एकाच मशीनचं काम वारंवार असेल, तर चाकांचा आणि कठड्याचा प्लॅटफॉर्म वर्कशॉपमध्येच लोखंडी अँगलचा बनवून घ्यावा. वेल्डर असतो, अँगल पडलेले असतात, फक्त कुणीतरी मागणी लावून धरावी लागते. चाकांना ब्रेक आणि भोवती कठडा असलेला असा प्लॅटफॉर्म मला सेफ्टी बेल्टपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. का, ते पुढं.

बेल्ट: लोकांना वाटतं तेवढा कामाचा नाही, आणि वापरला तर नीट

कमरेचा पट्टा विसरा. पडलेल्या माणसाला तो पोटात कापतो. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, त्यावर आयएस ३५२१ चं मार्किंग पाहा. शिवण उसवलेली, ऑईलनं भिजून कडक झालेली, किंवा वेल्डिंगच्या ठिणगीनं भोक पडलेली पट्टी असेल तर वापरू नका. एकदा कुणी त्यात पडून लटकला असेल तर तो हार्नेस बाद.

आता हिशोब करा. हार्नेसची दोरी साधारण १.८ मीटर. धक्का शोषणारी पिशवी असेल तर ती उसवून आणखी एक ते पावणेदोन मीटर लांबते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत माणसाची उंची दीड मीटर. शिवाय खाली थोडी मोकळी जागा. म्हणजे पायाच्या पातळीला हुक अडकवून तुम्ही पडलात, तर बेल्टनं तुम्हाला वेळेत थांबवायला खाली साडेपाच-सहा मीटर जागा लागते. पोकलेनचा डेक अडीच मीटरवर. म्हणजे बेल्ट लावलेला असूनही तुम्ही आधी जमिनीवर आपटणार. पुष्कळ साइटवर मशीनवर बेल्ट लावून काम करणारे असतात आणि हे गणित कुणी घातलेलं नसतं.

मशीनवर बेल्टचा खरा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. एक, दोरी इतकी आखूड ठेवायची की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. म्हणजे पडायचा प्रश्नच नाही. दोन, वर्कशॉपमध्ये डोक्यावर गर्डर असेल तर तिथं ओढलं की आपोआप घट्ट होणारा ब्लॉक टांगायचा. हुक रेलिंगला, होजला किंवा लाइटच्या ब्रॅकेटला अडकवायचा नाही. मजबूत लिफ्टिंग आय किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेली जागा. आणि बेल्ट वापरायचा असेल तर लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं हे आधीच ठरवा. हार्नेसमध्ये गतिहीन लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जातं आणि थोड्याच मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. शिडी कुठं आहे, क्रेन कोण चालवेल, हे बेल्ट घालण्यापूर्वीच माहीत हवं.

किती उंचीपासून बेल्ट, परमिट वगैरे लागतं? बऱ्याच साइटवर सहा फूट म्हणजे १.८ मीटर ही रेघ धरतात. पण कायदा इतका मोकळा नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३२ च्या शेवटच्या रूपात फुटांचा आकडाच नव्हता; जिथून माणूस पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर काम असेल तर शक्य तेवढी कठड्यानं किंवा अन्य मार्गानं व्यवस्था करावी, असं ते कलम सांगत होतं. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. तेव्हा 'पाच फुटांवर काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर ते निदान कायद्याच्या नावावर खपवू देऊ नका. खाणीत काम असेल तर तिथं खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम वेगळे, आणि कामावर चढण्यापूर्वी व्हीटीसीचं (व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचं) प्रशिक्षण आधी. ते प्रशिक्षण सही करून संपवू नका, तिथं जे विचारायचं ते विचारा.

पाऊस आणि थंडी

पावसात वरचं काम शक्यतो नाहीच. अडलंच तर पत्र्याच्या शेडखाली. हिवाळ्यात सकाळी सहा-सातला मशीनच्या डेकवर दव असतं, दिसत नाही, पण पाय ठेवला की कळतं. रात्रपाळीत अंधारात चढू नका, लाइट आधी लावून घ्या. डोक्याचा टॉर्च हवा, हातातला नको, कारण हात रिकामे ठेवायचेत.

नव्या माणसानं नाही कसं म्हणायचं

सगळ्यात अवघड हे. उस्ताद म्हणतो, "चढ रे, दोन मिनिटांचं काम आहे." तुम्ही नवीन, आठवड्याचे. नाही म्हटलं तर भित्रा ठरणार. सरळ नाही म्हणू नका, काम थांबवू नका, साधन मागा: "दादा, आलोच, शिडी घेऊन येतो." किंवा "उस्ताद, किल्ली तेवढी देता का, खिशात ठेवतो." किंवा "बूम जरा खाली घ्यायला सांगता का, खालूनच होईल." असं बोललं की भांडण होत नाही आणि काम सुरक्षित होतं. बरेच जुने मिस्त्री हे ऐकून घेतात. त्यांच्यातल्या कित्येकांचे गुडघे याच कामानं गेलेले असतात. साधन नाहीच मिळालं आणि तरी चढ म्हणाले, तर सेफ्टी ऑफिसरला किंवा सुपरवायझरला सांगा, आणि जमलं तर व्हॉट्सॲपवर लिहून. लेखी काही असलं की लोक जरा सावध होतात.

दुसरा माणूस खाली असू द्या, एकट्यानं वर काम नको. खालच्यानं थेट खाली उभं राहायचं नाही, पाना पडतो.

कुणी पडलाच तर

पहिलं म्हणजे त्याला उठवू नका. 'पाणी पाज, उठवून बसव' ही सवय घातक आहे. मणक्याला इजा झाली असेल तर हलवल्यानं पाय कायमचे जाऊ शकतात. पाणी तर नाहीच, ऑपरेशन लागू शकतं. १०८ ला फोन करा, नेमकी जागा सांगा, गेटवर माणूस उभा करा. साइटच्या आत रस्ता सापडत नाही म्हणून ॲम्ब्युलन्स फिरत राहते. श्वास चालू आहे का बघा, डोकं-मान दोन्ही हातांनी जिथं आहे तिथंच स्थिर धरा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दाबा. हेल्मेट श्वासाला अडथळा होत नसेल तर काढू नका. श्वासच थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा. ते येत नसेल तर शिकून घ्या, साइटवर कुणाला तरी यायलाच हवं.

स्वतः पडून उठलात आणि 'काही नाही झालं' असं वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पोटात आतून रक्तस्राव, डोक्याची सूज, हे तासा-दोन तासांनी वर येतं. उलट्या, चक्कर, पोटात दुखणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना.

आणि कागद. पडलेल्याला दवाखान्यात नेलं की तिथं कामावर मशीनवरून पडल्याचं सांगा, 'घरी जिन्यावरून पडला' असं नाही. हे खोटं बोलायला ठेकेदार कधी कधी सांगतो आणि नंतर भरपाईच्या वेळी तेच आडवं येतं. एमएलसी, म्हणजे दवाखान्यातली पोलिसांसाठीची नोंद, होऊ द्या. साइटच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद झाली का, तारीख-वेळ बरोबर आहे का बघा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. वर्कशॉप ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल आणि पगार मर्यादेत असेल तर ईएसआय कार्ड नंबर घरच्यांना माहीत असू द्या. कामावरच्या दुखापतीत रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्के दरानं तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. ठेक्यावरच्या हेल्परचंही ईएसआय भरायची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाकडे येते, हे त्या हेल्परला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. ईएसआय लागू नसेल तर १९२३ पासून चालत आलेल्या कामगार भरपाईच्या तरतुदीखाली दावा होतो, आणि तो दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

कुणी पडला नाही पण पडता पडता वाचला, तर तेही रजिस्टरमध्ये लिहायला लावा. कोणती पायरी, कोणतं मशीन, कुणाच्या हातात काय होतं. पुढच्या पाळीला तेच मशीन दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येणार असतं, आणि ती पायरी मोडलेलीच असते.